पॅक न होणाऱ्या माणसाशी पोकर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी नेमकं कशाचं उत्तर देतोय ते कळेल. तुम्ही पुण्याचे. दोन वर्षं टेक्सस होल्डेम, म्हणजे हातात दोन पानांचा पोकर, शिकताय, कुठल्या जागेवरून कुठली पानं खेळायची त्याचे तक्ते पाठ केलेत. वर्षातून तीन-चारदा पणजीला जाता आणि मांडवीतल्या कॅसिनो बोटीवर १००-२०० च्या टेबलावर बसता, म्हणजे जिथे पानं बघण्याआधीच दोघांना तेवढे पैसे सक्तीने टाकावे लागतात (त्यांना ब्लाइंड म्हणतात). मागच्या दोन खेपांना तिथे अशी माणसं भेटली की दर दुसऱ्या डावाला रेझ, म्हणजे रक्कम वाढवणं, आणि फोल्डचं, म्हणजे पानं टाकून डाव सोडण्याचं, नाव नाही. तुमचे तीन ब्लफ पकडले गेले, एक्क्यांची जोडी दोनदा फुटली, आणि शेवटी वैतागून तुम्ही लिहिलंय की अशांपुढे नीट खेळून उपयोगच नाही.

उपयोग आहे. पण तुम्ही ज्याला नीट म्हणता तो खेळ या माणसासाठी बेतलेलाच नाही. फोल्ड करू शकणाऱ्याला फोल्ड करायला लावायचं ते तंत्र आहे, आणि तुमच्या समोरचा गृहस्थ फोल्ड करायला गोव्याला आलेलाच नाही.

तो कुठून येतो ते समजून घ्या. आम्ही टेबलावर अशा प्रत्येकाला ‘शेठ’ म्हणतो, इथेही तेच नाव ठेवतो. शेठ मूर्ख नसतो. बहुतेकदा चांगला धंदा सांभाळणारा, हिशेबाला पक्का माणूस असतो. पण पत्ते तो दिवाळीच्या रात्री शिकलाय, तीन पत्तीवर. तीन पत्तीत पानं आली की आली. मधे टेबलावर नवं पान उघडत नाही, हातातली ताकद शेवटपर्यंत तीच राहते. हातात असते ती फक्त चाल. ब्लाइंड खेळणाऱ्याला पानं बघितलेल्याच्या निम्मेच पैसे लावावे लागतात, म्हणजे न बघता रेटणाऱ्याला खेळच सवलत देतो. दोघं उरल्याशिवाय शो मागता येत नाही. अशा खेळात रेटत राहणारा माणूस समोरच्याला दमवून पॉट, म्हणजे मधे जमलेले पैसे, घेऊन जातो, आणि सतत पॅक (तीन पत्तीतलं फोल्ड) होणाऱ्याची रात्रभर टिंगल होते. ही सवय घेऊन शेठ पोकरला बसतो. इथे पाच पानं सगळ्यांची सामाईक, पैसे लावायच्या चार फेऱ्या, आणि पहिली फेरी सोडली तर प्रत्येक फेरीआधी नवं पान उघडणार: आधी एकदम तीन (फ्लॉप), मग एक (टर्न), मग शेवटचं एक (रिव्हर). इथे त्याची सवय महाग आहे, फक्त ती किंमत वसूल करणारा कोणीतरी समोर बसलेला पाहिजे.

आता तुमचे ते तीन ब्लफ. पॉटमध्ये ३,००० आहेत, तुमच्याकडे काही नाही आणि तुम्ही ३,००० लावता. पॉटएवढा ब्लफ निम्म्या वेळा यशस्वी झाला तर बरोबरीत सुटतो. अर्ध्या पॉटचा ब्लफ तिनातून एकदा चालला तरी पुरतं. शेठ समजा पाचातून एकदाच फोल्ड करतो. मग पाच वेळांत एकदा तुम्हाला ३,००० मिळाले आणि चार वेळा ३,००० गेले. एकूण ९,००० चा खड्डा, म्हणजे प्रत्येक ब्लफमागे १,८००. तुम्ही लिहिलंय की ‘माझी गोष्ट पटण्यासारखी होती’. असेलही. ऐकणाराच नसेल तर गोष्ट कितीही रंगवा. शेठ तुमच्याकडे काय आहे हे बघत नाही, स्वतःकडे काय आहे ते बघतो, आणि त्याच्या मते चौकीची जोडी म्हणजे जोडीच.

तुम्ही सॉल्व्हरचा, म्हणजे समतोल खेळ काढून देणाऱ्या सॉफ्टवेअरचा, उल्लेख केलाय, म्हणून थोडं विषयांतर. जानेवारी २०१७ मध्ये पिट्सबर्गच्या कॅसिनोत कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या ‘लिब्राटस’ नावाच्या प्रोग्रॅमने चार व्यावसायिक खेळाडूंना वीस दिवस आणि १,२०,००० डाव खेळून हरवलं. समोरचा काहीही करो, आपल्याला लुटता येणार नाही असा समतोल खेळ हा त्याचा पाया होता. तुम्ही पाठ केलेले तक्ते त्याच विचाराचे आहेत. त्यात ब्लफचं प्रमाण ठरलेलं असतं, कारण समोरचाही योग्य प्रमाणात फोल्ड करेल असं धरलेलं असतं. दगड-कागद-कात्रीत दर वेळी दगडच काढणाऱ्या पोरासमोर तुम्ही तिन्ही गोष्टी सारख्या प्रमाणात काढल्यात तर हरणार नाही, पण जिंकणारही नाही. तिथे कागद काढायचा असतो, तोही प्रत्येक वेळी. समतोल वगैरे पुढच्या टेबलावर.

खरी मेख इथे आहे. ढिला आणि आक्रमक ही एक सवय नाही, दोन आहेत, आणि त्या दोन वेगळ्या चुका आहेत. तुम्ही पैसे लावता तेव्हा शेठ गरजेपेक्षा जास्त कॉल करतो, म्हणजे तेवढेच पैसे टाकून डावात राहतो. तुम्ही चेक करता, म्हणजे काही न लावता पाळी पुढे देता, तेव्हा शेठ गरजेपेक्षा जास्त पैसे लावतो. पहिल्या चुकीचा फायदा घ्यायचा तर चांगल्या पानांवर तुम्ही स्वतः पैसे लावायचे, भरपूर लावायचे. दुसरीचा फायदा घ्यायचा तर हात आखडायचा आणि त्याला लावू द्यायचे. बहुतेक लोक नेमकं उलट करतात. काही नसताना लावतात, आणि मधल्या ताकदीची पानं असताना त्याने जोर केला की घाबरून टाकतात. तुमच्या पत्रातही हेच दिसतंय. ब्लफ तीन आठवणीत आहेत, पण दश्शीची जोडी टाकून दिली आणि मग त्याने हसत हसत तिर्री-सत्ती दाखवली, ते एका ओळीत येऊन जातं. माझ्या मते त्या रात्रीची मोठी चूक तीच.

आधी व्हॅल्यूचं, म्हणजे चांगल्या पानांवर पैसे वसूल करण्याचं, बोलू, कारण खरे पैसे तिथे आहेत. हातात राजा-दश्शी, बोर्डवर (सामाईक पानांत) राजा, अठ्ठी, तिर्री, तिघांचे रंग वेगळे. पॉट २,०००. सावध खेळाडूसमोर मी दोनदा पैसे लावून रिव्हरला चेक करेन, कारण तिसऱ्यांदा कॉल करणाऱ्याकडे राजा-राणी असण्याचीच भीती जास्त. शेठसमोर तिन्ही वेळा लावतो, आणि मोठे लावतो. अर्धा-अर्धा पॉट लावत गेलात तर १,०००, मग २,०००, मग ४,०००, एकूण ७,०००. पाऊण-पाऊण पॉट लावलात तर १,५००, मग ३,७५०, मग ९,३७५, एकूण १४,६२५. रक्कम दुप्पट होते आणि कॉल करणारी पानं तीच राहतात, कारण शेठ आकडा बघून नाही, जोडी आहे की नाही ते बघून ठरवतो. रिव्हरला नियम इतकाच की कॉल करणाऱ्या त्याच्या पानांपैकी निम्म्याहून जास्त पानांना तुम्ही हरवत असाल तर लावा. अठ्ठी-नव्वी, तिर्री-एक्का, पंजीची जोडी, हे सगळं कॉल करणारा माणूस आहे तो. राजा-दश्शी त्याच्यासमोर मोठी पानं आहेत.

फ्लॉपला सवयीने लावायची बेट मात्र बंद करा. एक्का-राजा हातात असताना फ्लॉपला जोडी लागते ती साधारण तिनातून एकदा. उरलेल्या दोन वेळा सावध माणसासमोर अर्धा पॉट लावून पॉट उचलता येतो. शेठसमोर चेक करा. तो लावेल. परवडत असेल तर एकदा कॉल करून बघा, नसेल तर द्या सोडून. लाज कसली त्यात?

सुरुवातीच्या पानांबद्दल एक गैरसमज फार पसरलाय, की ढिल्या टेबलावर आपणही सत्ती-छक्की एकाच रंगाची, अशी ‘छुपी’ पानं खेळावीत. कुठल्याही कॅल्क्युलेटरमध्ये घालून बघा. समोर कुठलीही दोन पानं असली तर एकरंगी सत्ती-छक्की शेवटपर्यंत गेल्यास साधारण ४५ टक्के वेळा जिंकते. वेगवेगळ्या रंगांची एक्का-नव्वी, जिच्याकडे तक्त्यात तुम्ही नाक मुरडता, ती ६० टक्क्यांच्या आसपास. जो माणूस निम्मी पानं खेळतो त्याच्यासमोर मोठं पान हेच भांडवल. तुमचा एक्का त्याच्या राणी-गुलामाला, राजा-चौकीला सगळ्यांना पुरून उरतो. सत्ती-छक्कीची निम्मी कमाई समोरच्याच्या फोल्डमधून येते, ती इथे शून्य. हां, सगळे २०० टाकून स्वस्तात फ्लॉप बघत असतील आणि प्रत्येकासमोर ४०,००० ची रास असेल तर सत्ती-छक्कीही खेळा. शेठने १,००० केले असतील तर नको. लहान जोड्यांचंही तसंच. फ्लॉपला त्यांचं तिसरं पान येतं ते साधारण साडेआठ वेळांतून एकदा, तेवढी वाट बघण्याइतके पैसे दोघांसमोर उरणार असतील तरच.

आणि शेठने रेझ केला तर नुसता कॉल करून मागच्या चौघांना निमंत्रण देऊ नका. एक्का-गुलाम, राजा-राणी, नव्व्यांची जोडी आणि त्याहून वरचं सगळं, यांवर मी परत रेझ करतो. तक्त्यातले ते एक्का-पंजीचे थ्री-बेट (रेझवर परत रेझ) ब्लफ विसरा. इथे थ्री-बेट म्हणजे फक्त वरची पानं, ओळीने. आकडाही मोठा ठेवा. त्याचे १,००० असतील तर मी ३,५०० ते ४,००० करतो. दोघांकडे २०,००० असतील आणि ४,००० वर कॉल झाला, तर पॉट ८,३०० चा होतो आणि मागे १६,००० उरतात, पॉटच्या दुप्पटही नाहीत. अशा वेळी वरची एक जोडी लागली की विचार करायचा उरत नाही. रास उथळ असली की एक जोडी मजबूत, खोल असली की तीच जोडी धोक्याची. शेठसमोर रास मुद्दाम उथळ करायची.

कसं दिसतं हे, ते एका डावातून सांगतो. १००-२००, दोघांकडे २०,०००. शेठने मधल्या जागेवरून १,००० केले. मी बटनवर (जिथे फ्लॉपपासून पाळी सगळ्यात शेवटी येते), एक्का-राणी. ३,५०० केले. ब्लाइंड गेले, शेठने कॉल करताना चहाचा कपही खाली ठेवला नाही. पॉट ७,३००. फ्लॉप राणी, सत्ती, दुर्री, तीन रंग. माझ्या बेटची वाट न बघता त्याने स्वतःच ४,००० लावले. इथे ‘संरक्षण’ म्हणून ऑल-इन, म्हणजे उरलेले सगळे पैसे, करायचा मोह होतो. पण या कोरड्या बोर्डवर, जिथे पानं ओळीत नाहीत की एका रंगाची नाहीत, संरक्षण कोणापासून? त्याच्याकडे काहीच नसेल तर ते काहीच-नाही टिकवून ठेवणं माझ्या फायद्याचं. पुढच्या फेरीला तो त्यावर आणखी पैसे लावणार. कॉल केला. पॉट १५,३००, मागे १२,५००. टर्नला नव्वी. शेठ ऑल-इन. मला १२,५०० घालून ४०,३०० च्या पॉटसाठी लढायचं होतं, म्हणजे ३१ टक्के पुरे होते. कॉल. त्याने दाखवले गुलाम-दश्शी. राजा किंवा अठ्ठी आली तर स्ट्रेट (ओळीची पाच पानं), ४४ पानांतली ८. मी ८२ टक्के पुढे. रिव्हरला चौकट अठ्ठी आली.

आता इथे लोक काय शिकतात? ‘फ्लॉपलाच ऑल-इन करायला हवं होतं.’ नाही. त्या ४०,३०० मधले सुमारे ३३,००० माझ्या वाट्याचे होते आणि मी घातले होते २०,०००. हाच डाव रोज मिळाला तर मी बोटीवरच राहायला जाईन. बोर्डवर दोन बदाम आणि ओळीतली पानं असती तर मात्र मी फ्लॉपलाच सगळे लावले असते, कारण ड्रॉ (एखादं पान लागलं तरच पुरा होणारा हात) घेऊन शेठ कॉल करतोच आणि नको ते पान आलं की पुढे आपल्यालाच कळत नाही काय करायचं. कोरड्या बोर्डवर त्याला लावू द्या, ओल्या बोर्डवर तुम्ही लावा. हा ठोकताळा मला बरीच वर्षं पुरलाय.

तुमच्या फुटलेल्या एक्क्यांचंही गणित असंच. पहिल्यांदा चौघांनी कॉल केला होता, तुम्ही ६०० केले होते. चार अनोळखी हातांसमोर एक्क्यांची जोडी शेवटपर्यंत गेल्यास सुमारे ५६ टक्के वेळा जिंकते. म्हणजे १०० पैकी ४४ वेळा फुटणारच, त्याला अपघात म्हणत नाहीत. पण पाच जणांनी सारखे पैसे घातले तर तुम्ही घालता पाचवा हिस्सा आणि नेता निम्म्याहून जास्त. एकट्यासमोर तीच जोडी ८५ टक्के जिंकते, पण तिथे तुमचा हिस्साच निम्मा असतो. जास्त लोक असले की फुटेल जास्त वेळा आणि मिळेलही जास्त. मला खटकतं ते तुमचं ६००. ज्या टेबलावर ६०० ला चौघे येतात तिथे १,२०० ला तिघे येतील, १,५०० ला दोघे. मग ६०० कशाला? आकडा सगळ्यांसाठी वाढवा, एक्क्यांपुरता नको. एवढं तर शेठलाही कळतं.

ड्रॉ घेऊन कधी जायचं हेही विचारलंय. फ्लशला (एका रंगाची पाच पानं) नऊ पानं बाकी असतील तर एका पानात ती लागायची शक्यता २० टक्क्यांच्या जवळ. पॉट २,००० आणि शेठने २,००० लावले, तर नुसत्या पॉटच्या हिशेबाने ३३ टक्के हवेत, म्हणजे कॉल चुकीचा. पण लागल्यावर तुम्हाला त्याच्याकडून सरासरी आणखी ४,००० मिळणार असतील तर हिशेब जुळतो. फोल्ड न करणाऱ्या माणसाकडून ते मिळतात. म्हणून त्याच्यामागे किती उरलेत ते आधी बघा. आणि ड्रॉवर रेझ करून त्याला हुसकवायला जाऊ नका.

आता दुसरी चूक, त्याचं रेटणं. पॉटएवढी बेट आली तर कॉलला तिनातून एकदा बरोबर असणं पुरतं, अर्ध्या पॉटची आली तर चारातून एकदा. राजा, सत्ती, चौकी, चौकी, दुर्री असा बोर्ड, हातात नव्व्यांची जोडी, शेठने तिन्ही वेळा लावलंय. सावध माणूस असता तर मी रिव्हरला टाकली असती. शेठसमोर कॉल करतो, आणि पाणी पीत करतो, कारण मान ताठ करून पाच मिनिटं विचार केला तरी उत्तर तेच येणार. हरलो तर हरलो. चेक करणं आणि कॉल करणं भित्रेपणाचं आहे असं जे शिकवलं जातं ते या माणसासमोर लागू नाही. फक्त आपली जोडी कॉलच्या लायकीची आहे का, हे फ्लॉपलाच ठरवा. फ्लॉप आणि टर्नला कॉल करून रिव्हरला टाकणं हा सगळ्यात महागडा मार्ग आहे, आणि शेठची निम्मी कमाई त्यावरच चालते.

याला एक अपवाद, जो मला बऱ्याच पैशांना पडला. शेठ बेट लावून ब्लफ करतो, पण रिव्हरला तुम्ही लावलेल्या बेटवर तो परत मोठा रेझ करतो तेव्हा त्याच्याकडे बहुतेकदा असतं. बेट लावणं ही त्याची सवय आहे. रिव्हरचा रेझ हा निर्णय असतो, आणि निर्णय तो फक्त पानं बघून घेतो. ज्यांच्यासोबत मी वर्षानुवर्षं बसलोय त्यांच्याबाबत हे फार क्वचित चुकलंय. दोन जोड्या हातात असूनही मी अशा वेळी टाकतो. तुम्ही टाकाच असं म्हणत नाही, पण त्या माणसाचा असा एक रेझ शेवटपर्यंत उघडलेला बघितल्याशिवाय आंधळेपणाने कॉल करू नका.

आणखी एक, जे तक्त्यांत नसतं: तिसरा माणूस. एका रात्री शेठने १,००० केले, मी गुलामांच्या जोडीवर ३,५००. डाव्या बाजूला स्वेटर घातलेले एक काका होते, जे तासात दोन डाव खेळत होते. त्यांनी मुकाट्याने सगळे चिप्स पुढे सरकवले. शेठ गेला. मी शेठच्या तालात इतका रमलो होतो की कॉल करून बसलो. काकांकडे राजांची जोडी. ते शेठला नाही, मला उत्तर देत होते, आणि मी त्यांना शेठच्या हिशेबाने वाचलं. एक माणूस धुमाकूळ घालत असला की सगळ्या टेबलाचे रेझ स्वस्त वाटायला लागतात. ते स्वस्त झालेले नसतात.

शेठ खरंच शेठ आहे की त्याच्या वेषातला कसलेला खेळाडू, हे ओळखण्याचं तुम्ही विचारलेलं नाही, पण विचारायला हवं होतं. चांगला ढिला-आक्रमक खेळाडू वरवर तसाच दिसतो. ऑनलाइन खेळताना सॉफ्टवेअर टक्केवारी दाखवायचं. ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ देशभर बंद केले, त्यामुळे आता डोळे आणि बोटं. टेबलावर तासाला पंचवीस-तीस डाव होतात. पहिल्या तासात मोजा. निम्म्याहून जास्त डावांत पैसे घालतोय का? पहिल्या जागेवरून आणि बटनवरून सारखाच खेळतोय का? कसलेला माणूस जागा बघून बदलतो, आणि मुख्य म्हणजे त्याच्यावर परत रेझ आला की तो शांतपणे टाकतो. शेठ टाकत नाही. उघडलेली पानं लक्षात ठेवा, कारण तेवढाच खरा पुरावा. कोणी ब्लफ दाखवून हसला म्हणून तो नेहमी ब्लफ करतो असं नाही. दाखवायला त्याने तोच डाव निवडला होता.

पैशांचं सांगतो आणि हा भाग लवकर संपवतो. अशा टेबलावर चढ-उतार जास्त असतात, कारण प्रत्येक पॉट मोठा आणि प्रत्येक पॉट शेवटपर्यंत जाणारा. मी स्वतः पोकरसाठी वेगळे काढलेले निदान पंचवीस-तीस बाय-इन (एकदा टेबलावर बसताना घ्यायची रक्कम) असल्याशिवाय त्या दर्जावर बसत नाही. तुम्ही वर्षातून चारदा जाता, म्हणजे वर्षभरात होतील फार तर दोन-अडीच हजार डाव. तेवढ्यात नशीब आणि कौशल्य वेगळं काढता येत नाही. त्यामुळे दोन खेपांवरून ‘उपयोग नाही’ हा निष्कर्ष काढायला जागाच नव्हती, आणि पुढच्या दोन खेपा जिंकलात तर ‘जमलं’ म्हणायलाही नसेल. २०,००० गेल्यावर हात थरथरणार असतील तर १०,००० घेऊन बसा. कमी राशीत शेठचा त्रास कमी होतो, तुमचे निर्णय सोपे होतात. घरखर्चातले पैसे असतील तर बसूच नका, रात्री मांडवी काठावरूनही छान दिसते.

आणि कृपा करून त्याला शिकवू नका. ‘दश्शी-दुर्रीवर कॉल कसा केलात?’ हे वाक्य तुम्ही टेबलावर बोललात असं लिहिलंय. त्या एका वाक्याने शेठ सावध झाला तर नुकसान तुमचं, आणि चिडून उठून गेला तर सगळ्या टेबलाचं. ‘छान खेळलात शेठ’ म्हणायला काय जातं?

शेवटचा प्रश्न होता, टेबल बदलावं का. टेबल नाही, खुर्ची बदला. पत्त्यांची पाळी डावीकडे सरकते, म्हणून शेठच्या डाव्या हाताला बसणाऱ्याला त्याचं करून झालेलं दिसतं आणि मग स्वतःचं ठरवता येतं. वर सांगितलेल्या निम्म्या गोष्टी, परत रेझ करून एकट्याला गाठणं, स्वस्त-महाग ओळखणं, त्या खुर्चीतून आपोआप सोप्या होतात. तो तुमच्या डावीकडे असेल तर तुम्ही २०० घालाल आणि तो १,००० करेल, रात्रभर. तुमच्या पत्रावरून दिसतंय की दोन्ही रात्री तो तुमच्या डावीकडेच होता. पुढच्या वेळी टेबलाला लागण्याआधी दहा मिनिटं मागे उभे राहून बघा, आणि फ्लोअरवाल्याला आल्या आल्या सांगून ठेवा की त्या माणसाच्या डावीकडची खुर्ची रिकामी झाली तर ती मला हवी. मी एकदा त्या खुर्चीसाठी दोन तास बसून राहिलो होतो. तिच्यात आधीच बसलेले होते ते स्वेटरवाले काका.